चरबीची जागा

अतितीव्र कुपोषित मूल वॉर्डात आलं की मी आधी त्याची काख बघते, मग जांघ. चरबी जायला लागली की पहिल्यांदा तिथून जाते. पुढे मांड्या आणि कुल्ले. तिथली कातडी सैल पडून चुण्या लोंबायला लागतात. त्यानंतर छाती आणि पोट. गाल सगळ्यांत शेवटी. म्हणूनच बरगड्या मोजता येतील अशा पोराचे गोबरे गाल दाखवून "चांगला त दिसते बाई, कायले भरती करता?" असं म्हणणारी आजी हमखास भेटते. गालातली चरबी शेवटपर्यंत का टिकते, याचं कारण बालरोगाच्या पुस्तकांत दिलेलं असतं: तिच्यात संपृक्त मेदाम्लं जास्त असतात. शिकत असताना हे वाक्य पाठ करून मी पेपरात लिहिलं होतं आणि विसरूनही गेले होते. गडचिरोलीत ते रोज डोळ्यांसमोर आलं.

मी आहारतज्ज्ञ. नोकरीची सुरुवात चंद्रपुरात, एका खासगी दवाखान्याच्या मधुमेह विभागात झाली. मग बरीच वर्षं गडचिरोली जिल्ह्यातल्या एका पोषण पुनर्वसन केंद्रात काढली, आणि आता पुन्हा चंद्रपूर. १९८२च्या ऑगस्टपर्यंत हा सगळा मुलूख एकच जिल्हा होता. आजही एसटीत बसलं की मूल, सावली, वैनगंगेवरचा पूल आणि गडचिरोली, एवढाच प्रवास. पण पुलाच्या अलीकडे मी लोकांची चरबी कमी करायला बसले होते आणि पलीकडे ती भरून काढायला. गंमत अशी की दोन्हीकडे प्रश्न एकाच बाटलीवरून सुरू व्हायचा. ती बाटली खोबरेल तेलाची.

आमच्या केंद्रात मूल आलं की सुरुवातीचा आहार ठरलेला असतो. ३०० मिलिलिटर दूध, १०० ग्रॅम साखर, २० मिलिलिटर वनस्पती तेल आणि एक लिटर होईपर्यंत पाणी. भूक परतली, सूज असेल तर ती उतरायला लागली, की दूध ८८० मिलिलिटरवर जातं, साखर ७५ ग्रॅमवर येते, आणि तेल तेवढंच राहतं. दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, वाटी-चमच्याने. तेल दुधावर तरंगतं, म्हणून प्रत्येक वेळी घुसळावं लागतं. नाहीतर पहिल्या वाटीत सगळं तेल आणि शेवटच्या वाटीत नुसतं गोड पाणी. तेल कशाला, तर या पोरांचं पोट लहान असतं. एक ग्रॅम साखरेतून किंवा प्रथिनातून ४ किलोकॅलरी मिळतात, एक ग्रॅम तेलातून ९. वाटी मोठी न करता ताकद वाढवायची तर तेलाशिवाय मार्ग नाही.

कोणतं तेल, हे कृतीत लिहिलेलं नाही. वनस्पती तेल, एवढंच. आमच्या डॉक्टरांचा आग्रह खोबरेल तेलाचा होता, निदान ज्यांना जुलाब होत असतील त्या मुलांसाठी तरी. आणि इथे अडलं.

कोकणात किंवा केरळात खोबरेल फोडणीत पडतं. इकडे आमच्या झाडीपट्टीत ते फक्त डोक्याला. त्यामुळे खाण्याच्या खोबरेलाची बाटली आईच्या डोळ्यांदेखत उघडून दुधात ओतली की ती उठून उभी राहायची. "हा त केसाले लावाचा तेल आय बाई. लेकराले कायले पाजता?" कुरखेड्याकडची एक आई तर पोराला कडेवर घेऊन थेट फाटकापर्यंत गेली होती. माडिया आया काही बोलायच्या नाहीत. त्या वाटी तोंडाशी नेल्याचं दाखवायच्या आणि आमची पाठ वळली की खाली ओतायच्या. आशाताईने माडियात समजावून झालं, मी चित्रं काढून झालं. उपयोग झाला तो आमच्या केरळच्या सिस्टरचा. तिने दुपारचा डबा वॉर्डात आणून सगळ्यांसमोर उघडला, भातावर त्याच बाटलीतलं चमचाभर तेल घेतलं आणि शांतपणे जेवली. माझ्या सगळ्या समुपदेशनापेक्षा तो डबा भारी ठरला. त्या आयांना वेडगळ म्हणायचं माझ्या मनात कधी आलं नाही. कोणी माझ्या लेकराच्या दुधात शाम्पू ओतायला निघालं तर मीही फाटकापर्यंत गेले असते. शिवाय लावण्याच्या बाबतीत त्यांचं म्हणणं खरंच होतं. मुंबईच्या सायन रुग्णालयातल्या डॉक्टरांचा २००५ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे: अपुऱ्या दिवसांच्या बाळांना खोबरेलाने मालिश केली तेव्हा त्यांचं वजन खनिज तेलाने मालिश केलेल्या बाळांपेक्षा जास्त वेगाने वाढलं.

डॉक्टरांच्या आग्रहामागचं कारण साखळीच्या लांबीत आहे. तेल कोणतंही असो, ते बनतं ग्लिसरॉलला जोडलेल्या तीन मेदाम्लांचं. मेदाम्ल म्हणजे कार्बनच्या अणूंची साखळी. सोयाबीन, शेंगदाणा, जवस, पाम यांच्यातल्या साखळ्या बहुतेक १६ ते १८ कार्बनच्या. अशी लांब साखळी आतड्यातून शोषली जायला पित्त हवं, स्वादुपिंडाचा रस हवा. मग आतड्याच्या पेशीत ती पुन्हा तेलाच्या रूपात बांधली जाते, प्रथिनाच्या वेष्टनात भरली जाते आणि लसिकावाहिन्यांमधून, यकृताला बगल देऊन, रक्तात येते. वाटेत स्नायू आणि चरबीपेशी आपापला वाटा उचलतात. उपाशी पोराचं पित्त पातळ, स्वादुपिंड थकलेलं, आतड्याचं अस्तर झिजलेलं. लांब साखळीचं तेल त्याच्या शौचातून तसंच बाहेर पडू शकतं. ८ आणि १० कार्बनच्या साखळ्यांना हा सगळा खटाटोप लागत नाही. त्या सरळ यकृताकडे जातात आणि तिथे लगेच जाळल्या जातात. चरबीपेशीच्या दारापर्यंत त्यांतलं फारसं काही पोचतच नाही.

इथपर्यंत ऐकलं की पुलाच्या अलीकडची मंडळी खूश होतात. कारण त्यांनी मोबाईलवर हेच ऐकलेलं असतं: खोबरेल तेल चरबी म्हणून साठत नाही, ते जळतं, उलट साठलेली चरबीही जाळतं.

चंद्रपुरात माझ्याकडे कोळसा खाणीतले एक ओव्हरमन यायचे. पन्नाशी जवळ आलेली, पोट पट्ट्यावरून पुढे, साखर काठावर. रोज सकाळी कोऱ्या कॉफीत दोन मोठे चमचे खोबरेल घालून प्यायचे. "मॅडम, याने आतली चरबी वितळते." मी हिशेब मांडला. मोठा चमचा १४ ग्रॅमचा, म्हणजे साधारण १२० किलोकॅलरी. दोन चमचे म्हणजे दोन पोळ्यांइतकी भर. त्यावर पोहे, कचोरी, दुपारचा डबा जिथल्या तिथेच. त्यांचं वजन तसूभर हललं नाही. रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल मात्र वाढलं. ते म्हणाले, तपासणी चुकली असेल.

तपासणी बरोबर होती. खोबरेलात ८ आणि १० कार्बनच्या साखळ्या मिळून फक्त १५ टक्क्यांच्या आसपास असतात. जवळजवळ निम्मा भाग १२ कार्बनच्या लॉरिक आम्लाचा. कागदावर लॉरिकला मध्यम साखळीत बसवतात, पण शरीरात ते बरंचसं लांब साखळीसारखंच वागतं. त्याचा मोठा हिस्सा लसिकेच्याच वाटेने जातो. वजन घटवण्याचे जे प्रयोग गाजले, ते कारखान्यात वेगळं काढलेल्या निव्वळ ८-१० कार्बनच्या तेलावर झालेले होते. त्यांतले काही प्रयोग करणाऱ्या संशोधक मारी-पिएर सेंट-ओंज यांनी स्वतःच सांगितलं आहे की आपलं तेल म्हणजे दुकानातलं खोबरेल नव्हे. पण प्रयोगाचं नाव आणि दुकानातली बाटली यांची एकदा सोयरीक जुळली की ती कोण मोडणार? २०२० साली 'सर्क्युलेशन' या नियतकालिकात खोबरेलावरच्या १६ चाचण्यांचा एकत्रित आढावा आला. बिगर-उष्णकटिबंधीय वनस्पती तेलांच्या तुलनेत खोबरेलाने वाईट कोलेस्टेरॉल सरासरी १० मिलिग्रॅमने वाढतं, चांगलं ४ मिलिग्रॅमने. वजनावर, कमरेच्या घेरावर, शरीरातल्या चरबीवर लक्षात येण्याजोगा परिणाम नाही.

आणि ते साठत नाही, हेही खरं नाही. पॅसिफिक महासागरातल्या काही बेटांवरचे पॉलिनेशियन लोक पिढ्यानपिढ्या नारळावर जगत. टोकेलाऊ बेटांवर तर रोजच्या ऊर्जेतला निम्म्याहून जास्त वाटा नारळाचा होता. न्यूझीलंडच्या शास्त्रज्ञांनी पॉलिनेशियन लोकांच्या कातडीखालच्या चरबीचे नमुने तपासले आणि १९६९ साली निष्कर्ष छापले. नारळ खाणाऱ्यांच्या चरबीत नारळाचं लॉरिक आणि मिरिस्टिक आम्ल सापडलं. माणूस जे तेल खातो, त्याची नोंद त्याच्या चरबीपेशीत राहते. त्या बेटांवर हृदयविकार विरळ होता, हेही सांगायला हवं. पण त्यांच्या ताटात नारळासोबत मासे होते, कंद होते, आणि अंगात दिवसभराची मेहनत होती. कॉफीसोबत कचोरी नव्हती.

आता चरबीपेशीत नेमकं काय घडतं, त्याबद्दल. मला स्वतःला ते कळायला पुस्तकापेक्षा वॉर्डाचा उपयोग जास्त झाला. चरबीपेशीला मी कणगी समजते. धान्य आलं की भरायची, टंचाईत उपसायची. जेवणानंतर रक्तात साखर वाढते, इन्सुलिन सुटतं, आणि त्याच्या सांगण्यावरून पेशीच्या बाहेर, केशवाहिनीच्या भिंतीवर बसलेलं एक विकर रक्तातल्या तेलाचे तुकडे करतं. सुटी झालेली मेदाम्लं पेशीत शिरतात आणि तिथे पुन्हा ग्लिसरॉलला जोडली जाऊन एका मोठ्या थेंबात जमा होतात. पेशीचं केंद्रक बिचारं एका कडेला ढकललं जातं. यात एक मेख आहे. सुटं ग्लिसरॉल पुन्हा वापरण्याची सोय चरबीपेशीत जवळपास नसते. जोडणीसाठी लागणारं ग्लिसरॉल ती प्रामुख्याने साखरेपासून बनवते. म्हणजे तेल साठवायला साखरही लागते आणि इन्सुलिनही. उपास लांबला की इन्सुलिन उतरतं, दुसरी विकरं थेंब फोडतात आणि मेदाम्लं रक्तात सोडतात. आमच्या वॉर्डातल्या पोराच्या काखेत हेच झालेलं असतं. पेशी मेलेली नसते, ती रिकामी होऊन आक्रसलेली असते.

कॉलेजात मला चरबी साठणं म्हणजे बिघाड, असंच शिकवलं होतं. ओपीडीत मी तेच बोलत होते. पुलापलीकडे गेल्यावर दिसलं की साठवता येणं ही शरीराची मोठी सोय आहे. काखा-मांड्यांत काही उरलं नाही की पोराला ऊब धरता येत नाही, साधा ताप झेपत नाही. चरबीपेशी नुसती साठवण करत नाही, ती निरोपही पाठवते. १९९४ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेने लेप्टिनचं जनुक शोधलं. हे संप्रेरक चरबीपेशीतून निघतं आणि मेंदूला साठ्याची खबर देतं. साठा आटला की लेप्टिन आटतं, आणि त्याच्याबरोबर रोगप्रतिकारशक्तीही खालावते. म्हणूनच न्यूमोनिया, जुलाब, गोवर यांनी जाणाऱ्या मुलांत कुपोषित मुलं इतकी असतात.

उलट टोकाचा पुरावाही आहे. जन्मतःच चरबीपेशी जवळजवळ नसलेली माणसं असतात. आजार दुर्मीळ आहे. ती बारीक दिसतात, पण त्यांचं यकृत चरबीने भरतं आणि मधुमेह इतका तीव्र असतो की इन्सुलिनचे मोठे डोसही अपुरे पडतात. योग्य जागा मिळाली नाही की चरबी नको तिथे, म्हणजे यकृतात, स्नायूत, स्वादुपिंडात, जाऊन बसते. प्रयोगशाळेतल्या पेशींवर २००३ साली झालेला एक प्रयोग मला फार आवडतो. पेशींना नुसतं पामिटिक आम्ल, म्हणजे पामतेलातलं मुख्य संपृक्त आम्ल, दिलं तेव्हा त्यांना ते थेंबात बांधून ठेवता आलं नाही आणि त्या मेल्या. ओलेइक आम्ल दिलं तेव्हा त्यांनी भरपूर थेंब साठवले आणि त्या जगल्या. दोन्ही एकत्र दिली तेव्हा ओलेइकच्या मदतीने पामिटिकही साठवलं गेलं आणि पेशी वाचल्या. त्रास साठलेल्या चरबीपेक्षा बिनसाठलेल्या चरबीचा.

महाराष्ट्रात या विषयावर मूलभूत काम झालं ते पुण्याच्या केईएम रुग्णालयात, डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या हातून. १९९३ पासून पुण्याजवळच्या गावांतल्या आया आणि त्यांची बाळं त्यांनी अभ्यासली. आपली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची ३.५ किलोची. वजनात एवढा फरक, स्नायू कमी, पोटातले अवयव लहान; पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी जवळपास तितकीच. हाडकुळं दिसणारं पण आतून चरबी राखून असलेलं बाळ. २००४ साली त्यांनी 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचा आणि लंडनच्या जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा फोटो छापला. दोघांचा बीएमआय २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. माझ्या टेबलावरच्या काचेखाली तो फोटो बरीच वर्षं होता. "मी तर बारीक आहे, मला कशी शुगर?" म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी तो दाखवत असे.

पुलाच्या दोन टोकांना जी माणसं मला वेगवेगळी वाटायची, ती एकाच माणसाच्या दोन वयांतली रूपं असू शकतात, हे या फोटोने मला दाखवलं. अडीच किलोचं जन्मलेलं धानोऱ्याकडचं पोर जगलं, वाढलं, चंद्रपूरला बैठ्या कामावर लागलं, की पन्नाशीच्या आधीच माझ्या ओपीडीत येतं. चरबीपेशींची संख्या बहुतेक बालपणात आणि किशोरवयात ठरते. मोठेपणी दरवर्षी दहाएक टक्के पेशी जातात आणि तितक्याच नव्या येतात. स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी २००८ साली हे मोजलं, आणि त्यासाठी वापरला तो अणुचाचण्यांच्या काळात हवेत पसरलेला किरणोत्सारी कार्बन. माणसाच्या विध्वंसातून इतकं उपयोगी मोजमाप निघावं, याचं मला अजून नवल वाटतं.

वॉर्डातलं पोर भरायला लागलं की वजनाचा काटा सगळ्यांना आवडतो. आईला आवडतो, मलाही. पण काटा चढतोय तो कशाने, हे बघावं लागतं. जमैकात गोल्डन दांपत्याने १९८०च्या आसपास दाखवलं की कुपोषणातून उठणाऱ्या मुलाला जस्त कमी पडलं तर ऊर्जा चरबीत जाते, स्नायू मागे राहतात. वजनात एक ग्रॅम भर पडायला साधारण ५ किलोकॅलरी लागतात. ती भर बहुतांशी चरबीची असेल तर त्याहून जास्त. म्हणून नुसतं तेल-साखर वाढवून पोर फुगवता येतं, पण ते बरं झालं असं होत नाही. दूध, जस्त, पोटॅशियम, मग हळूहळू अंडं, डाळ, खिचडी. त्यातही कायम फक्त खोबरेल चालत नाही. त्यात शरीराला स्वतः बनवता न येणारं लिनोलेइक आम्ल जेमतेम २ टक्के असतं. जुलाब थांबले की आम्ही सोयाबीन तेलावर यायचो. आयांना तेव्हा हायसं वाटायचं: "आता खायाचा तेल आला."

घरी गेल्यावर कोणतं तेल, हा प्रश्न मात्र आया स्वतः विचारायच्या, आणि माझं शिक्षण तिथे अपुरं पडायचं. कारण पुस्तकात टोळीचं तेल नव्हतं. उन्हाळ्याच्या शेवटी मोहाची फळं, म्हणजे टोळ, पिकतात. बाया टोळ वेचतात, फोडतात, वाळवतात आणि तेल काढतात. पिवळसर, उग्र वासाचं, थंडीत थिजणारं. ते फोडणीत पडतं, दिव्यात जळतं, भेगाळलेल्या टाचांना लागतं. उरलेल्या ढेपेने ओढ्यातले मासे भोवळून वर येतात. टोळीच्या तेलात साधारण निम्मा भाग संपृक्त मेदाम्लांचा आणि बाकीच्यात मोठा वाटा ओलेइकचा. वर सांगितलेल्या प्रयोगातली दोन्ही आम्लं इथे निसर्गानेच एकत्र घातलेली. यावरून मी टोळीला औषध ठरवणार नाही. पेशींवरच्या प्रयोगातून थेट पातेल्यात उडी मारणाऱ्यांचा मला कंटाळा आहे. पण ज्या घरात महिन्याचं विकतचं तेल पाव किलोच्या पाकिटांवर चालतं, तिथे घरचं ताजं टोळीचं तेल वाईट म्हणून टाकायला सांगणं हा अडाणीपणा आहे, आणि तो आमच्या बाजूचा अडाणीपणा आहे.

धानाच्या बांधीत धानामागून येणारा जवसही तसाच. जवसाच्या तेलात निम्म्याच्या आसपास अल्फा-लिनोलेनिक आम्ल असतं. ते कडाक्याच्या थंडीतही थिजत नाही, पण हवा लागली की लवकर खवट होतं. म्हणून थोडं थोडं काढायचं आणि संपवायचं. टोळ थिजतं, जवस थिजत नाही. एकाच स्वयंपाकघरात दोन्ही टोकांची तेलं होती. मुलचेरा आणि चामोर्शीकडच्या बंगाली वसाहतींत सरसोचं. आता जिथे जावं तिथे पामतेलाचं पाकीट. २०२२च्या दिवाळीत सरकारने १०० रुपयांत रवा, चणाडाळ, साखर आणि एक लिटर पामतेल असा शिधा रेशनवर दिला. गरिबाच्या घरी दिवाळीत तळण झालं, याबद्दल तक्रार करायची माझी हिंमत नाही. पण आठवडी बाजारातल्या पाच-दहा रुपयांच्या नमकीन पुड्या, बिस्किटं आणि हे तेल एकत्र धरलं की ताटात काय वाढतंय ते दिसतं: संपृक्त चरबी आणि साखर दोन्ही. चरबीपेशीला साठवायला नेमकं हेच हवं असतं.

'सर्च' संस्थेच्या संशोधकांनी गडचिरोलीतल्या ८६ गावांत मृत्यूंची कारणं तपासली आणि २०१५ साली प्रसिद्ध केली. पहिल्या क्रमांकावर पक्षाघात, दर सात मृत्यूंमागे एक. त्याचं खापर तेलावर फोडता येणार नाही. रक्तदाब आहे, खर्रा आणि तंबाखू आहे. पण जंगलातल्या माणसाला हे शहरी आजार होत नाहीत, ही आमच्या बैठकांमधली जुनी समजूत त्या आकड्याने संपवली. आता चंद्रपुरात माझ्यासमोर खाणीतले साहेब बसतात तसे भामरागड, एटापल्लीहून आलेले शिक्षक आणि वनरक्षकही बसतात. बीएमआय बेताचा, कंबर वाढलेली, सोनोग्राफीत यकृत चरबीचं.

त्यांना मी तेलाचं नाव विचारत नाही, माप विचारते. घरात माणसं किती आणि महिन्याला तेल किती. उत्तर आलं की पुढचं बोलणं सोपं होतं. खोबरेल आवडत असेल तर भाजीत घाला, बाकीच्या तेलाऐवजी. कॉफीत वेगळं नको.

आणि ज्यांच्या घराशेजारी, शेतावर, वीटभट्टीवर लहान मुलं आहेत त्यांना एवढंच सांगायचं आहे. गोबरे गाल बघून थांबू नका. अंगणवाडीत दंडघेराची रंगीत पट्टी असते. सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलाच्या डाव्या दंडाला ती लावायला सांगा. साडेबारा सेंटिमीटरच्या वर हिरवा, साडेअकरा ते साडेबारा पिवळा, साडेअकराच्या खाली लाल. लाल आला किंवा दोन्ही पायांवर सूज दिसली, तर मुलाला पोषण पुनर्वसन केंद्रात न्या. साधारण दोन आठवडे राहावं लागतं. उपचार मोफत असतात, आईला जेवण मिळतं आणि बुडालेल्या मजुरीचा भत्ताही मिळतो. तो मागून घ्या.